९७ गुणांचा खेळ



वार्षिक परीक्षा संपून सुट्टी लागली की दवाखान्यात येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक नवा प्रश्न डोकावू लागतो. ताप-खोकला तपासून झाला, औषधाची चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता आई किंवा वडील विचारतात, "डॉक्टर, हा एक व्हिडिओ गेम मागतो आहे. घेऊन द्यावा का? चांगला असतो का तो?" मी काही बोलण्यापूर्वीच मुलगा मध्ये तोंड घालतो, "जगभरच्या समीक्षकांनी शंभरपैकी ९७ दिलेत त्याला!" आणि पालकांचा चेहरा थोडा सैल होतो. दहावीच्या गुणपत्रिकेत ७५ टक्क्यांना विशेष प्रावीण्य मानणाऱ्या आपल्या समाजात ९७ गुणांशी वाद घालणे अवघडच.

तो आकडा खरा असतो आणि मुलगाही खोटे बोलत नसतो. तरीही केवळ त्या आकड्यावरून आपल्या घरापुरता निर्णय घेणे बरे नाही. समीक्षकाला विचारलेला प्रश्न आणि पालकाच्या मनातला प्रश्न हे दोन निराळे प्रश्न आहेत. खेळ उत्तम रीतीने घडवला आहे का, हे समीक्षक सांगतो. हा खेळ माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या झोपेला, डोळ्यांना, अभ्यासाला आणि स्वभावाला मानवेल का, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते. म्हणून समीक्षकांचा निकाल वाचायचा कसा आणि त्यातून घरासाठी काय घ्यायचे, याचा विचार आज आपण करू.

निकाल लागतो कसा?

जपानमध्ये 'फामित्सू' हे नियतकालिक १९८६ साली सुरू झाले. त्यात एक खेळ चार समीक्षक तपासतात, प्रत्येक जण दहापैकी गुण देतो आणि चाळीसपैकी बेरीज छापली जाते. या कसोटीवर चाळीसपैकी चाळीस गुण मिळवणारा पहिला खेळ म्हणजे १९९८ सालचा 'द लेजंड ऑफ झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम'. ब्रिटनचे 'एज' हे मासिक दहापैकी गुण देते आणि पैकीच्या पैकी देताना हात फार आखडता घेते. 'युरोगेमर' या दुसऱ्या ब्रिटिश प्रकाशनाने तर २०१५ मध्ये गुण देणे थांबवून काही वर्षे 'अत्यावश्यक', 'शिफारस' आणि 'टाळावा' अशा शब्दांतच निकाल दिला. एका खेळाला एका अंकात कोंबणे त्या क्षेत्रातील जाणत्यांनाही पटत नव्हते, हे यावरून दिसते.

आपल्या मुलांच्या तोंडी असलेला शंभरपैकीचा आकडा बहुधा 'मेटाक्रिटिक'चा असतो. ही अमेरिकन सेवा २००१ साली सुरू झाली. ती स्वतः समीक्षा लिहीत नाही. निरनिराळ्या प्रकाशनांनी दिलेले गुण ती शंभरच्या मापात बसवते आणि त्यांची सरासरी काढते. ती सरासरीही सरळ नसते. काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन दिले जाते आणि ते नेमके किती, हे जाहीर केले जात नाही. ७५ आणि त्यावरील गुणांना हिरवा रंग, ५० ते ७४ ला पिवळा आणि त्याखाली लाल. म्हणजे आपल्याकडे ज्या गुणांना पेढे वाटले जातात, तिथून तिथला हिरवा पट्टा नुकता सुरू होतो.

आकड्यांशी आम्हा डॉक्टरांचा रोजचाच संबंध. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११ आले, तर ते चांगले की वाईट? गरोदर स्त्रीच्या रिपोर्टमध्ये हा आकडा चालून जातो; तोच धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाच्या रिपोर्टमध्ये आला तर रक्त कुठे जाते आहे याची मी चौकशी सुरू करतो. आकडा एकच, पण माणूस बदलला की त्याचा अर्थ बदलतो. उपचार कागदावर करायचे नसतात, समोरच्या माणसावर करायचे असतात, हे आम्हाला शिकवले जाते. व्हिडिओ गेमच्या गुणांनाही हाच नियम लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

तीन खेळ, एकच गुण

एक उदाहरण पाहा. मेटाक्रिटिकवर ९७ गुण मिळवणारे तीन खेळ मी निवडले आहेत. पहिला, २०१७ सालचा 'सुपर मारिओ ऑडिसी'. रंगीबेरंगी जगांतून उड्या मारत, टोपी फेकत जायचे, असा हसरा खेळ. दुसरा, त्याच वर्षीचा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. अफाट पसरलेल्या प्रदेशात डोंगर चढावेत, पावसात भिजावे, कोडी सोडवावीत, राक्षसांशी लढावे. तिसरा, २०१३ सालचा 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह'. तीन गुन्हेगारांची कथा. तिच्यात दरोडे आहेत, गोळीबार आहे आणि एका माणसाचा छळ करण्याचे दृश्यही आहे.

तिघांनाही ९७. समीक्षकांनी यात अन्याय केलेला नाही. तिसऱ्या खेळातील शहर किती जिवंत उभे केले आहे, त्यातील उपहास किती धारदार आहे, तीन नायकांमधून कथा कशी फिरते, हे त्यांनी पाहिले आणि त्या कारागिरीला गुण दिले. त्यांच्या डोळ्यांपुढचा खेळाडू प्रौढ होता. युरोपमध्ये २००३ पासून चालत असलेल्या 'पेगी' या वयोगट-पद्धतीने याच तीन खेळांना अनुक्रमे ७, १२ आणि १८ वर्षे असे शिक्के दिले आहेत. गुणपत्रिकेत तिन्ही खेळ शेजारी बसतात. वयाच्या शिक्क्यात मात्र पहिल्या आणि तिसऱ्यामध्ये ११ वर्षांचे अंतर आहे.

अमेरिकेत हेच काम 'ईएसआरबी' ही संस्था १९९४ पासून करते. आपल्याकडे मोबाईलच्या प्ले स्टोअरवर खेळाच्या पानावर ३+, ७+, १२+, १६+ किंवा १८+ असे लिहिलेले असते. खेळ उतरवून घेण्याआधी ते पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही. मात्र या शिक्क्याचीही एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हिंसा, भीती, अश्लीलता, शिवराळ भाषा, जुगार अशा गोष्टींवरून तो ठरतो. खेळ किती कठीण आहे किंवा तो रात्री किती वाजेपर्यंत जागवील, यावरून ठरत नाही. 'फिफा २३' या फुटबॉलच्या खेळाला पेगीने ३ वर्षांचा शिक्का दिला होता. पण त्याच्याच शेजारी, या खेळात पैसे देऊन नशिबावर अवलंबून असलेल्या वस्तू विकत घेता येतात, अशी सूचनाही होती. पालक ३ हा आकडा वाचतात आणि खालची ओळ सोडून देतात.

स्तुतीचे शब्द, डॉक्टरच्या कानांनी

समीक्षा वाचताना काही शब्द वारंवार भेटतात. 'खाली ठेववत नाही', 'वेळेचे भान राहत नाही', 'चटक लावणारा', 'शेकडो तास पुरणारा'. समीक्षकाच्या लेखणीतून ही निखळ स्तुती असते. 'सिव्हिलायझेशन' ही १९९१ पासून चालत आलेली डावपेचांची मालिका पाहा. इतिहास, भूगोल, राज्यकारभार यांची गोडी लावणारा हा बुद्धिमान खेळ. त्याच्या २०१६ सालच्या सहाव्या भागाला ८८ गुण आहेत. या मालिकेची जगभरची ओळख कोणती? 'अजून फक्त एकच खेळी!' डाव संपल्यावर पुढे खेळत राहण्यासाठी जे बटण दिलेले असते, त्यावरही हेच शब्द झळकतात.

हे शब्द माझ्या कानांवर पडतात तेव्हा मला रात्रीचे साडेबारा वाजलेले दिसतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते, तेरा ते अठराच्या मुलाला ८ ते १०. सकाळी सहाला उठून सातची शाळा गाठणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाने किमान ८ तास झोपायचे, तर रात्री दहाला त्याचा डोळा लागलेला हवा. रंगात आलेला खेळ दहाला थांबला, तरी झोप लगेच येत नाही. पडद्याच्या प्रखर उजेडामुळे मेंदूतील मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक उशिरा पाझरते, आणि चुरशीच्या लढतीने वाढलेली छातीची धडधड ओसरायला वेळ लागतो.

मग काही आठवड्यांनी आई मुलाला घेऊन येते. सकाळी पोट दुखते, डोके जड असते, वर्गात जांभया येतात, चिडचिड वाढली आहे, जेवण कमी झाले आहे. "काहीतरी टॉनिक लिहून द्या," अशी तिची विनंती असते. तपासणीत काही सापडत नाही. दिनक्रम विचारत गेले की रोजची दीड-दोन तासांची हरवलेली झोप सापडते. अशा मुलाला टॉनिकाच्या बाटलीचा उपयोग नसतो. त्याला ती झोप परत मिळवून द्यावी लागते.

इथे पालकांना ठाऊक नसलेली एक बाब सांगतो. आईने जेवायला हाक मारावी आणि आतून "थांब ना, मॅच चालू आहे!" असे उत्तर यावे, हा घराघरांतला प्रसंग आहे. ते सगळेच उर्मटपणाचे नसते. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'सारखा एकट्याने खेळायचा खेळ हव्या त्या क्षणी थांबवता येतो आणि जिथे सोडला तिथूनच पुन्हा सुरू होतो. आपल्या मुलांच्या मोबाईलवरच्या 'बीजीएमआय'मध्ये शंभर खेळाडू एका वेळी उतरतात, डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो आणि तो मध्ये थांबवण्याची सोयच नाही. अर्ध्यावर सोडले तर जोडीदारांचा डाव बिघडतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बोलणी खावी लागतात. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" या वाक्याने भांडण पेटते. "हा डाव संपला की ताटावर ये, पुढचा सुरू करायचा नाही" हे वाक्य बहुतेक वेळा पाळले जाते. कोणता खेळ थांबवता येतो आणि कोणता नाही, हे समीक्षेच्या मजकुरातून सहज कळते. ९७ या आकड्यातून ते कधीच कळत नाही.

समीक्षकांचे उपकार

याचा अर्थ समीक्षकांना मोडीत काढावे असा मुळीच नाही. चांगला समीक्षक कुटुंबाच्या आरोग्याचा पहारेकरीही ठरतो.

डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' हा बहुचर्चित खेळ येणार होता. तो १८ वर्षांवरील व्यक्तींसाठीच आहे. प्रकाशनाच्या तीन दिवस आधी 'गेम इन्फॉर्मर' या अमेरिकन मासिकाच्या समीक्षिकेने एक इशारा प्रसिद्ध केला. तिला स्वतःला अपस्मार, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा आकडी म्हणतो, त्याचा त्रास होता. खेळातील एका प्रसंगात डोळ्यांसमोर तांबडे-पांढरे दिवे भराभर उघडझाप करतात. ते पाहताना तिला झटका आला. मेंदूच्या तपासणीत झटका मुद्दाम जागवण्यासाठी डॉक्टर जे दिवे वापरतात, त्यांच्याशी या दिव्यांचे साम्य असल्याचेही तिने लिहिले. तिच्या लेखामुळे निर्मात्यांनी खेळात ठळक सूचना टाकली आणि लगोलग ते दृश्यही बदलले. प्रकाशाच्या उघडझापीने झटके येणाऱ्यांचे प्रमाण अपस्माराच्या रुग्णांमध्ये थोडे असले, तरी ते मुलांमध्ये आणि किशोरवयात अधिक आढळते. तुमच्या घरात कोणाला फिटचा त्रास असेल, तर नवा खेळ आणण्यापूर्वी समीक्षेत झगझगत्या दिव्यांचा उल्लेख आहे का ते जरूर शोधा आणि आपल्या डॉक्टरांशी बोला.

दुसरे उदाहरण पैशाचे. २०१७ सालच्या 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टू' या खेळात बंद पेट्या विकत घ्यायच्या आणि आत काय निघते ते नशिबावर सोडायचे, अशी रचना होती. नशीब चांगले असेल तर खेळाडूचे बळ वाढायचे. समीक्षकांनी आणि खेळाडूंनी यावर इतके कडक ताशेरे ओढले की प्रकाशनाच्या तोंडावर कंपनीला पैशांची ही खरेदी बंद ठेवावी लागली. खेळाचे गुण साठीच्या घरातच राहिले. पुढे एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामक आयोगाने काही खेळांतील अशा पेट्या जुगाराच्या कायद्याचा भंग करतात असे जाहीर केले. वडिलांच्या मोबाईलला जोडलेल्या बँक खात्यातून मुलाच्या बोटाने पैसे जाण्याचे प्रसंग आपल्याकडेही घडतात. 'हा खेळ वारंवार पैसे मागतो' एवढे एक वाक्य समीक्षेत सापडले, तरी ती वाचण्याचे श्रम कारणी लागले असे समजावे.

समीक्षेच्या मर्यादा

समीक्षकाचा निकाल कोणत्या परिस्थितीत दिला गेला, हेही पाहावे लागते. 'सायबरपंक २०७७'च्याच बाबतीत, प्रकाशनापूर्वी समीक्षकांच्या हाती फक्त संगणकावरची आवृत्ती देण्यात आली होती. ती पाहून भरघोस गुण पडले. जुन्या प्लेस्टेशनवर आणि एक्सबॉक्सवर मात्र खेळ इतका अडखळत होता की प्रकाशनानंतर साधारण आठवड्याभरात सोनी कंपनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परतला जून २०२१ मध्ये. म्हणजे समीक्षकाने तपासलेला खेळ आणि तुमच्या घरातील यंत्रावर चालणारा खेळ एकच आहे, याचीही खातरजमा करावी लागते.

आकड्यात कंपन्यांचेही हितसंबंध गुंतलेले असतात. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा खेळ २०१० साली आला. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले असते तर तो घडवणाऱ्या संस्थेला वाढीव रक्कम मिळणार होती. मिळाले ८४, असे त्या संस्थेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पुढे २०१२ मध्ये उघड केले. एका गुणावर माणसांचे उत्पन्न ठरू लागले, की समीक्षकांना खूश करणारी भव्यता खेळात वाढत जाणे स्वाभाविक आहे.

"समीक्षक सोडा, लोकांचे मत बघू," असे कोणी म्हणेल. तोही मार्ग निर्धोक नाही. २०२० साली 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला तेव्हा समीक्षकांनी त्याला ९३ गुण दिले. त्याच वेळी हजारो लोकांनी प्रकाशनाच्या दिवसापासूनच तळाचे गुण देण्याचा सपाटा लावला. एवढा दीर्घ खेळ इतक्या लवकर खेळून संपवणे फारच थोड्यांना शक्य होते. अखेरीस मेटाक्रिटिकला नव्या खेळावर सामान्य खेळाडूंचे मत ३६ तास उशिरा घेण्याचा नियम करावा लागला. मोबाईलवरील फुकट खेळांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांपैकी बहुतेकांकडे समीक्षक फिरकतच नाहीत. तिथे दिसणारे चार-साडेचार तारे वापरणाऱ्यांनी दिलेले असतात, आणि त्यांत तुमच्या मुलाच्या वयाची मुलेही असतात. आपल्याकडील बहुसंख्य मुले नेमके हेच खेळ खेळतात.

कमी गुणांचे, तरी घराला मानवणारे

आता नाण्याची दुसरी बाजू. २००६ सालच्या 'वी स्पोर्ट्स' या खेळाला मेटाक्रिटिकवर ७६ गुण आहेत. हातातला रिमोट बॅटसारखा फिरवून टेनिस खेळायचे, चेंडू घरंगळवून बोलिंग करायचे. समीक्षकांना तो साधा, तुटपुंजा वाटला. पण बहुतेक देशांत यंत्रासोबतच मिळाल्यामुळे तो आठ कोटींहून अधिक घरांत पोहोचला. नातवंडे आणि आजी-आजोबा एकाच खेळात रमले, पाश्चात्त्य देशांतील वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा रंगल्या आणि फिजिओथेरपिस्टही त्याचा उपयोग करू लागले. अर्थात अति तिथे माती! 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात २००७ साली एका तरुण डॉक्टरने याच यंत्रावर काही तास टेनिस खेळून आखडलेल्या स्वतःच्या खांद्याची हकीकत कळवली होती. उपचार काय? आठवडाभर वेदनाशामक गोळी आणि खेळाला पूर्ण विश्रांती.

आपल्या पुण्यात घडलेल्या 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' या २०२० सालच्या खेळाचेही असेच. 'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्याच्या संस्थेने तो बनवला. हरवलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी, आपल्या पुराणकथांतील देव-दानव, छायाबाहुल्यांतून सांगितलेली कथा. समीक्षकांनी चित्रे, संगीत आणि वातावरण यांची वाखाणणी केली. लढाया थोड्या ओबडधोबड आणि खेळ लहान, म्हणून गुण सत्तरच्या आसपास थांबले. आता पालक म्हणून विचार करा. काही संध्याकाळींत संपणारा खेळ हा समीक्षकाच्या लेखी दोष असला, तरी सुट्टीतल्या घराच्या लेखी तो गुणच नव्हे का?

जास्त गुणांतही घराला साजणारे खेळ आहेत. २०२१ चा 'इट टेक्स टू' एकट्याला खेळताच येत नाही. दोघांनी मिळून, एकमेकांना हात देतच पुढे जावे लागते. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तो सर्वोत्कृष्ट ठरला. मात्र त्याची कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या आईवडिलांची आहे. घरात ताण असेल तर लहानग्यांपुढे ठेवण्याआधी विचार करावा. २०१८ चा 'सेलेस्ट' मनातली भीती आणि घबराट सोबत घेऊन डोंगर चढणाऱ्या मुलीचा आहे. तो कठीण आहे, पण ज्याला जमत नाही त्याच्यासाठी खेळ सोपा करून घेण्याची सोय त्यात कोणतीही हेटाळणी न करता दिलेली आहे.

घरचा निकाल

तर मग मुलाने आकडा दाखवला की काय करावे? त्याला म्हणावे, "आकडा पाहिला, आता मजकूर वाचू." दोघांनी शेजारी बसून एक-दोन समीक्षा वाचाव्यात आणि पाच प्रश्नांची उत्तरे शोधावीत. वयाचा शिक्का कोणता आहे? खेळ हवा तेव्हा थांबवता येतो का, आणि एक डाव किती वेळाचा? त्याला शेवट आहे का, की रोज हजेरी लावायला बोलावून तो वर्षानुवर्षे चालतो? एकदाच पैसे लागतात की पुन्हा पुन्हा? आणि खेळताना मुलाच्या कानात अनोळखी माणसांचा आवाज पडतो का? पाचपैकी बहुतेक उत्तरे समाधानकारक असतील, तर ७० गुणांचा खेळही आनंदाने आणावा. नसतील, तर ९७ गुणांनाही नम्रपणे नमस्कार करावा. नकार द्यावा लागला तरी तो या पाच उत्तरांसह द्यावा. कारण समजलेला नकार मुले पचवतात. नुसत्या "नाही म्हणजे नाही"वर मित्राच्या घरी जाऊन खेळण्याचा मार्ग काढतात.

खेळ घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस परीक्षेचे मानावेत. एका वहीत मुलानेच रोज चार नोंदी कराव्यात: खेळ ठरलेल्या वेळी थांबला का, झोप किती वाजता लागली, मैदानावर किती वेळ गेला आणि खेळ बंद केल्यावर मन कसे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दमदार हालचाल व्हायला हवी. ती मैदानाच्या नोंदीतून कळेल. उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळल्याने दूरचे अंधुक दिसण्याच्या दोषाला आळा बसण्यास मदत होते, हा आणखी एक लाभ. पंधरा दिवसांनी मुलाला सांगावे, "आता तू समीक्षक. आपल्या घरासाठी या खेळाला किती गुण देशील, आणि का?" बारा-तेरा वर्षांची मुले आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक प्रामाणिकपणे लिहितात. "खेळ भारी आहे, पण बंद करताना राग येतो" असे वाक्य मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले, की पुढचे बोलणे सोपे होते. खेळण्याचा वेळ त्यानेच कमी करून सुचवला, तर तो पाळलाही जातो.

वेळेवर न थांबणारे प्रत्येक मूल आजारी नसते, हेही पालकांनी मनात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात समाविष्ट केला. ते वर्गीकरण २०१९ मध्ये स्वीकारले गेले आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्याची लक्षणे तीन: खेळण्यावर ताबा न राहणे, इतर आवडी आणि दैनंदिन कामांपेक्षा खेळाला वरचढ स्थान मिळत जाणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे किंवा ते वाढवणे. हे सारे साधारणपणे बारा महिने टिकलेले असावे आणि शिक्षण, घर, मैत्री यांवर त्याचा ठळक परिणाम झालेला असावा, असे त्या व्याख्येत म्हटले आहे. सुट्टीतल्या पंधरवड्याच्या वेडाला हे नाव देऊन मुलाला घाबरवू नये. पण शाळा बुडू लागली, जुने मित्र तुटले, जेवण-आंघोळ मागे पडली किंवा खेळ काढून घेतल्यावर मूल स्वतःला इजा करण्याची भाषा बोलू लागले, तर बारा महिने मोजत बसू नये. आपल्या डॉक्टरांकडे यावे, किंवा 'टेलि-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

या सुट्टीत तुमच्या घरी नवा खेळ येणार असेल तर तो अवश्य येऊ द्या, आणि पहिल्या संध्याकाळी मुलाशेजारी बसून तासभर तुम्हीही खेळा. तुम्ही बहुधा हराल आणि मुले मनसोक्त हसतील. पण कोणत्या क्षणी आपलाच हात थांबायला तयार नव्हता, हे तुम्हाला त्या तासाभरात कळेल. घरचा निकाल लिहिताना ती नोंद फार उपयोगी पडते.